त्वचा, ताट आणि ऊन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी खाज, नायटा आणि केस गळणे यांविषयी विचारणारे वाचक ‘चेहऱ्यावर तेज यावे म्हणून काय खावे’ असे विचारू लागतात. या वेळी त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, त्याला इलाज नाही. आणि एका पत्राला जरा कडक भाषेत उत्तर द्यावे लागले आहे, ते का हे वाचताना कळेलच.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून ठाण्यात शिक्षिका आहे. आमच्या स्टाफरूममध्ये सध्या कोलॅजेनच्या पावडरीची चर्चा असते. दोघीजणी ती रोज सकाळी घेतात आणि फरक जाणवतो म्हणतात. महिन्याचा खर्च दोन हजारांच्या घरात जातो. मी पूर्ण शाकाहारी आहे. डोळ्यांच्या कडांना आणि ओठांभोवती रेषा दिसू लागल्या आहेत. ही पावडर घ्यावी, की आहारातूनच काही करता येईल?

उत्तर : आधी एक गोष्ट करून पाहा. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ उभ्या राहा, एक हात वर करा आणि दंडाची आतली, काखेजवळची बाजू नीट न्याहाळा. मग दुसऱ्या हाताची पाठ तिच्याशेजारी धरून पाहा. दंडावर रंग एकसारखा आणि कातडी मऊ दिसेल. हाताच्या पाठीवर बारीक रेघा, तपकिरी ठिपके आणि थोडा सुरकुतल्या कागदासारखा पोत दिसेल. दोन्ही जागांचे वय ४६च आहे, दोन्हींकडे एकच रक्त जाते आणि आजवर तुम्ही जे खाल्ले ते दोन्हींच्या वाट्याला आले आहे. तरीही एक जागा जुनी दिसते आणि दुसरी दिसत नाही, याचे मुख्य कारण ऊन. दवाखान्यात मी हे जवळजवळ प्रत्येकाला करायला लावतो, कारण अन्नाकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज त्यातून येतो. त्वचेला लागणारा माल अन्न पुरवते; बाहेरून होणारी झीज मात्र अन्नाने थांबत नाही.

आता पावडरीविषयी. कोलॅजेन हे त्वचेला बळकटी देणारे, प्राण्यांच्या शरीरात तयार होणारे प्रथिन आहे, आणि बाजारातील पावडर सहसा माशांच्या कातडी-खवल्यांपासून किंवा गुरांच्या चामड्यापासून काढलेली असते. पूर्ण शाकाहारी व्यक्तीच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटतो. ‘शाकाहारी कोलॅजेन’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात बहुधा क जीवनसत्त्व, काही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) आणि वनस्पतींचे अर्क असतात. तुमच्या मैत्रिणींना सांगायचे झाले, तर खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे गालापर्यंत पोहोचत नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते आपल्या गरजेप्रमाणे कोठेही वापरते. काही अभ्यासांत त्वचेची ओल आणि लवचीकता किंचित सुधारल्याचे दिसले आहे हे खरे, परंतु त्यांतील बरेच अभ्यास ही पावडर बनवणाऱ्यांच्याच पैशावर झालेले आहेत. त्यांना घ्यायची असेल तर घेऊ द्या. तुम्ही ते दोन हजार रुपये फळांवर आणि कडधान्यांवर खर्च करा असे मी म्हणेन.

कारण शरीर कोलॅजेन स्वतःच तयार करते, आणि त्यासाठी त्याला प्रथिने, क जीवनसत्त्व आणि लोह या तिन्ही गोष्टी लागतात. क जीवनसत्त्व अजिबात मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांचे असेच होत असे. आपल्याकडे इतकी टोकाची उणीव क्वचित दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार स्त्रीला रोज ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, आणि १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू पुरतो. आवळाही उत्तम, पण मोरावळ्याच्या पाकातून जाणारी साखर हिशेबात धरावी.

प्रथिनांचे गणित मात्र आपल्या घरांत बहुधा चुकते. वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम असे प्रमाण धरले, तर ६० किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत ती जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात. मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध, वाटीभर दही, थोडे पनीर असे दिवसभरात विभागून घेतले तरच हा आकडा गाठता येतो. आठवड्यातून दोन-दोन उपवास करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी साबुदाण्यावर राहतात, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यातल्या त्यात शेंगदाण्याचे कूट आणि सोबतचे दही काय ती लाज राखते. उपवास करू नये असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी वरईबरोबर ताक आणि राजगिऱ्याबरोबर दूध घेण्यास कोणत्याही व्रताची आडकाठी नाही.

लोहाबाबत आपली एक जुनी रीत चांगली आहे आणि एक वाईट. कांदेपोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत चांगली, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतील लोह अधिक शोषले जाते. त्याच पोह्यांबरोबर कपभर चहा घेण्याची रीत वाईट, कारण चहातील टॅनिन ते शोषण अडवते. चहा सोडू नका, तासभराने घ्या. चेहरा फिकट, ओढलेला दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि ते १२च्या खाली असेल तर आधी त्यावर उपचार करावेत. तुम्ही पूर्ण शाकाहारी असल्याने बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे. त्याच्या कमतरतेत बोटांच्या पेरांवर, सांध्यांच्या वरच्या बाजूला काळेपणा येतो आणि तो उन्हामुळे आला असे समजून लोक वर्षानुवर्षे त्यावर मलम लावत बसतात.

आणखी एक. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक घटते तसे त्वचेतील कोलॅजेनही झपाट्याने कमी होते. पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के घट झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. तुमच्या रेषांमध्ये या वयाचाही वाटा असणार. त्या कोणत्याही आहाराने पुसल्या जाणार नाहीत. रात्री लावण्याचे रेटिनॉइडचे (अ जीवनसत्त्वाच्या गटातील औषधाचे) मलम त्यावर काही अंशी उपयोगी पडते, परंतु ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सुरू करावे.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून सांगलीहून मालवाहू टेम्पो चालवतो. २४ वर्षे हाच धंदा आहे. माझा उजवा हात आणि उजवा गाल डाव्यापेक्षा फार काळा आणि जाड झाला आहे. घरचे लोक हसतात. मुलीने गाजर-बीटाचा रस सुरू केला आहे, चार महिने झाले, फरक नाही.

उत्तर : आपले पत्र वाचून मला एक प्रसिद्ध छायाचित्र आठवले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा चेहरा छापून आला होता. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी होती; डाव्या बाजूची कातडी जाड झालेली, तिला खोल सुरकुत्यांच्या घड्या पडलेल्या, जणू दोन वेगळ्या माणसांचे अर्धे-अर्धे चेहरे जोडले असावेत. तिकडे चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. एवढाच काय तो आपल्यात आणि त्याच्यात फरक. उन्हातील अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे ‘बी’ किरण काचेने बरेचसे अडतात, पण त्वचेत खोल जाऊन तिचे तंतू तोडणारे ‘ए’ किरण बाजूच्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. समोरची काच दुपदरी असल्याने ती पुष्कळ संरक्षण देते. खिडकीची देत नाही. त्यातून आपण काच खाली करून, कोपर बाहेर टेकवून गाडी चालवत असणार.

गाजराच्या रसाविषयीही एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील नॅम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर प्रयोग झाला. काहींना डोके, मान, दंड आणि हात यांवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, काहींना मनाला येईल तेव्हा. शिवाय काहींना गाजरात असते त्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या आणि काहींना नुसत्या साध्या गोळ्या. त्वचा किती जुनी झाली हे हाताच्या पाठीचे ठसे घेऊन मोजले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये ते प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरले. गोळ्यांनी एकंदरीत काही फरक पडला नाही. तेव्हा मुलीच्या मायेचा रस अवश्य प्या, शक्य तर रसाऐवजी गाजर चावून खा, पण हात काळा पडू नये याची जबाबदारी त्या गाजरावर टाकू नका.

आपल्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पातळ सुती कापडाचे पूर्ण बाह्यांचे कपडे किंवा दुचाकीवाले घालतात तसे हातमोजे. चेहऱ्यावर, मानेवर आणि कानांवर एसपीएफ (ट्यूबवर छापलेला संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिकचे, ‘ए’ किरणांपासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन लावा. नुसत्या चेहऱ्याला आणि मानेला तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा भरतील एवढे ते लागते. लोक मोहरीएवढे लावतात आणि ‘उपयोग होत नाही’ म्हणतात. दर दोन-अडीच तासांनी, म्हणजे चहाला गाडी थांबवाल तेव्हा, पुन्हा लावावे. विडी-सिगारेट ओढत असाल तर तीही याच खात्यात जमा करा. धुराने त्वचेचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि ओठांभोवतीच्या सुरकुत्या लवकर पडतात. काळेपणा वर्षभरात काहीसा उतरेल, जाडी पूर्ण जाणार नाही. मात्र उजव्या हातावर किंवा गालावर न भरणारी जखम, रक्त येणारी गाठ किंवा आकार बदलणारा तीळ दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. मान आणि काखा काळ्या पडल्या आहेत. लिंबू-साखरेने, नंतर वजरीने घासून पाहिले. उलट जास्त काळे झाले. चेहऱ्यावर मुरुम आहेत, वजन वाढले आहे. नातेवाईक तिला अस्वच्छ म्हणतात. ती कोणत्याही समारंभाला यायला तयार होत नाही. – एक आई, लातूर

उत्तर : ताई, तो मळ नाही. हे वाक्य त्या नातेवाइकांना वाचून दाखवा. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळा थर येणे हे बहुतेक वेळा रक्तातील इन्सुलिन वाढल्याचे लक्षण असते. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक सोडते आणि ते वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावते. हा थर घासून जात नाही. घासल्याने आणि लिंबाच्या आम्लाने कातडी चिडते व आणखी काळवंडते. लिंबू लावून उन्हात गेल्यास तर भाजल्यासारखे डागही उठतात. आजपासून वजरी बंद.

मानेचा काळेपणा, मुरुम आणि वजन या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर केस येत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) आणि थायरॉइड तपासून घ्या. मुलीला मधुमेह झाला आहे असा याचा अर्थ नाही. तो पुढे होऊ नये यासाठी शरीराने लवकर दिलेली ही वर्दी समजा.

आहाराचा खरा उपयोग या पाच पत्रांपैकी तुमच्याच बाबतीत सर्वाधिक आहे. मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणातून रक्तातील साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी करून प्रथिने वाढवली, त्यांचे मुरुम इतरांपेक्षा अधिक कमी झाले आणि इन्सुलिनचा प्रतिसादही सुधारला. ते मुलगे होते आणि संख्या लहान होती, हे ध्यानात ठेवावे; तरीही दिशा चुकीची नाही. तुमच्या भागात ज्वारीची भाकरी रोजची आहे, तेव्हा वेगळे काही विकत आणण्याची गरज नाही. सकाळी चहात बुडवून खाल्ले जाणारे बिस्किटांचे पुडे, क्लासहून येताना घेतलेले शीतपेय आणि रात्री उशिरा खाल्ले जाणारे चिप्स हे तिघे जाऊ द्या. त्यांच्या जागी भाकरी, पिठल्यापेक्षा बऱ्याचदा उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, जवसाची चटणी, एखादे अंडे चालत असल्यास अंडे. रोज अर्धा तास तरी घाम येईल असे चालणे किंवा खेळणे हवे, आणि रात्री बारा-एकपर्यंत मोबाइल घेऊन जागणे थांबले पाहिजे. अपुऱ्या झोपेनेही शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडतो. वजन थोडेसे उतरले तरी मान काही महिन्यांत उजळू लागते. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्याच, नाहीतर व्रण राहतील.

हे सारे तिला सांगताना लग्नाचा किंवा रंगाचा विषय काढू नका. एवढे एक पथ्य तुम्ही पाळा.

प्रश्न : वय ३४, नाशिक. मेडिकलमधून मिळालेले एक क्रीम आठ महिने लावत आहे. पहिल्या महिन्यात चेहरा एकदम गोरा झाला. आता दोन दिवस लावले नाही तर चेहरा लाल होऊन आग होते, आणि गालांवर बारीक लाल शिरा दिसतात. रक्त शुद्ध होण्यासाठी कोणता रस घ्यावा?

उत्तर : कोणताही नाही. आपल्या रक्ताला काही झालेले नाही. आपण ट्यूबचे नाव लिहिलेले नाही, पण वर्णन वाचून त्यावर काय छापले असेल याचा अंदाज येतो: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन, किंवा बीटामेथाझोन अथवा क्लोबेटासॉल. मोमेटासोन, बीटामेथाझोन आणि क्लोबेटासॉल ही स्टेरॉइडे आहेत. अशी तिहेरी मलमे वांगावर डॉक्टर काही आठवड्यांपुरती देतात. आठ महिने लावण्याची ती वस्तू नव्हे. त्यांनी कातडी पातळ होते, शिरा उघड्या पडतात, केस उगवतात आणि चेहऱ्याला त्या मलमाचे जणू व्यसन लागते. स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल सरकारने २०१८ साली नियमांत केला. तरीही ती आपल्या हातात पडली, आणि आपण दुकानदाराला त्वचारोगतज्ज्ञ मानले.

ट्यूब खिशात घालून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. ती कशी बंद करायची हे ते ठरवतील. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा बिघडल्यासारखा दिसेल, तेव्हा घाबरून पुन्हा लावू नका. तोवर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि सावली. हळद, बेसन, टूथपेस्ट, कोरफडीचा ताजा चीक यांपैकी काहीही लावू नका. उपचार लांबतील. आणि गोरे होणे हे त्या उपचारांचे उद्दिष्ट नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : आम्ही टोरोंटोला राहतो. थंडीत पायांच्या नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होते. रोज चार लिटर पाणी पितो, तरी कोरडेपणा जात नाही. आईने उटणे पाठवले आहे, लावावे का?

उत्तर : पाणी तहानेपुरते प्यावे. शरीरात पाण्याची कमतरता नसेल तर जादा प्यायलेले पाणी त्वचेत न जाता लघवीवाटे जाते. तुमच्या घरातील हीटर हवा कोरडी करतो आणि गरम पाण्याची लांबलचक अंघोळ कातडीवरची नैसर्गिक चरबी धुऊन टाकते, खवले त्यातून येतात. अंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत; साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना; अंग टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत पेट्रोलियम जेली किंवा जाड मॉइश्चरायझर. खोबरेल तेल हातापायांना चालेल. चेहऱ्यावर मुरुम येत असतील तर तिथे नको. तिकडच्या हिवाळ्यात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके ऊन मिळत नाही, ते डॉक्टरांना विचारून गोळीने घ्यावे. आहारातील चांगल्या चरबीसाठी इकडचा बांगडा मिळत नसेल तर तिकडे मिळणारा मॅकरेल त्याच जातकुळीचा आहे. शाकाहारी असाल तर जवस.

उटणे अवश्य लावा, पण आपल्या आजी लावत तसे: आधी अंगभर कोमट तेल, ते मुरायला अर्धा तास, मग साय किंवा दुधात कालवलेले उटणे हलक्या हाताने. कोरडे उटणे खसाखसा चोळल्यास नडग्यांना भेगा पडतील. त्यात नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद अशी द्रव्ये असतात आणि एखाद्याला ती सोसत नाहीत, म्हणून नरक चतुर्दशीच्या दोन दिवस आधी चिमूटभर कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे खाज किंवा लाली आली तर यंदा फक्त तेलावर भागवा.